चारांत एक

पाऊस गेला की भोपाळमध्ये पंधरा-वीस दिवस असे येतात की त्यांना धड नाव नाही. गरब्याच्या मांडवाचे बांबू रस्त्याकडेला येऊन पडलेले असतात, कोलार रोडच्या खड्ड्यांतलं पाणी आटून त्याची धूळ झालेली असते आणि सकाळी नऊलाच पाठ चटकायला लागते. याच दिवसांत मिरचीच्या प्लॉटमध्ये शिरलं, एखाद्या झाडाला नुसता पदर लागला, तरी पानांखालून पीठ उडावं तशी पांढरी माशी उडते. डोळ्यांत जाते, चहात पडते. यंदाही उडाली. मी चहातली माशी बोटाने काढली आणि चहा पिऊन टाकला. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत जे झालं ते आठवलं की मला वाईट वाटायला हवं, एवढं मला कळतं. पण वाटत काही नाही. नुसतं आठवतं.

ज्यांनी मिरची तोडली आहे त्यांना हे समजेल. आमचं गाव उमरेडच्या पुढे. तिथे मिरचीची तोडाई सुरू झाली की घरातली सगळी माणसं मजुरीला जायची. मी आठवीत होते. पहिल्या दिवशी बोटांची एवढी आग झाली की रात्रभर ताकाच्या वाटीत हात बुडवून बसले. दुसऱ्या दिवशी आईने खोबरेल तेल चोळलं. चौथ्या-पाचव्या दिवशी आग थांबली. बाया म्हणाल्या, झाली पोरीला सवय. सवय नव्हती ती. बोटांना काही कळेनासंच झालं होतं. भाकरी तव्यावरून उचलली तरी चटका समजत नव्हता.

हेडमास्तर एकदा घरी येऊन गेले. आईने त्यांना चहा दिला, म्हणाली, तोडाई झाली की पाठवते. तोडाई संपली तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती. मधल्या दिवसांत पुस्तकं कुठे गेली ते मला आजही सांगता येत नाही. कोणी शाळेतून काढलं नाही, कोणी जाऊ नको म्हणालं नाही. जाणं थांबलं एवढंच.

लग्नानंतर भोपाळला आले. आमचे हे शाळेची व्हॅन चालवतात. कोलार रोडच्या शेवटाला, जिथे कॉलन्या संपून शेतं लागतात तिथे, मिरचीच्या नवीन जाती तयार करायचं एक शेत आहे. तिथे बाया घेतात असं कळलं म्हणून गेले. जाळीच्या घरासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. डोक्यावर उन्हाची टोपी, पायांत पुरुषी बूट. त्या वैदेही मॅडम. मी हिंदीत सुरुवात केली, पण दुसऱ्याच वाक्याला त्या मराठीत आल्या.

"किती शिकलीस?"

"आठवी. पुरी नाही झाली."

"पुरी नाही झाली म्हणजे?"

"तोडाई होती."

त्या म्हणाल्या, "हात दाखव."

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी एक बारीक चिमटा दिला आणि समोरच्या झाडावरची न उमललेली कळी दाखवली. "आतले निळसर केसर दिसतात? ते काढायचे. मधल्या दांडीला धक्का लागता कामा नये." मी काढले. त्या कळीकडे बघत राहिल्या. "उद्यापासून ये," म्हणाल्या.

आठवी पुरी न झालेल्या हातांना कोणी बघून काम दिलं, हे त्याआधी कधी झालं नव्हतं. नंतरचं सगळं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मी त्या बाईंसाठी काहीही केलं असतं. आणि जे केलं ते त्यामुळेच केलं.

मॅडम भोपाळमधल्याच इंद्रपुरीत वाढलेल्या. वडील तिथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनियर. घरात स्वच्छ पुण्याची मराठी, बाहेर भोपाळी हिंदी, आणि दोन्हींच्या मधून त्या सारख्या ये-जा करायच्या. "का"ऐवजी मी "काऊन" म्हणायचे, त्यावर त्यांचा फार जीव. मी "काऊन" म्हटलं की त्या हातातलं काम सोडून हसायच्या. "एकदा परत म्हण ना!" पुढेपुढे त्याच म्हणायला लागल्या. "काऊन उशीर झाला गं? काऊन जेवली नाहीस?" त्यांच्या तोंडी तो शब्द पाहुण्यासारखा वाटायचा, पण बरं वाटायचं.

आमच्याकडे मिरचीवर बोकड्या पडतो. पानं वरच्या बाजूला मुरडतात, बारीक होतात, झाड खुजं राहतं, फळ धरत नाही. भोपाळकडे त्यालाच कुकडा म्हणतात. तो पांढऱ्या माशीच्या तोंडातून येतो. एका झाडाचा रस पिते आणि दुसऱ्याला देते. मॅडमना जंगलातली एक बारीक मिरची मिळाली होती, फळं वर तोंड करून उभी राहणारी. तिला बोकड्या होतच नव्हता. पण तिला भावही नव्हता. आणि आमच्याकडची लांब लाल मिरची, जिला भाव होता, ती दरवर्षी मरायची. मॅडमचं काम होतं या दोघींचं लग्न लावायचं. फुलं सोलायची, म्हणजे केसर काढून टाकायचे, जंगली मिरचीचा पराग लाल मिरचीच्या दांडीला लावायचा आणि खुणेचा दोरा बांधायचा. हे लग्न माझ्या हातांनी लागलं. एक-एक कळी.

त्या बियांपासून जी झाडं आली ती सगळी निरोगी निघाली. एकालाही बोकड्या नाही. आजूबाजूला मुद्दाम लावलेल्या रोगट ओळी, वर माशांचे ढग, आणि मध्ये ही हिरवी. तिथला रामसेवक भैया, जो पाणी आणि मोटर बघायचा, तो रोज बांधावरून ओरडायचा, "सारी दुनिया रोग भगाती है, और हमारी मॅडम रोग पालती हैं!" औषध मारायला बंदी होती. मारलं तर कोण खरंच टिकलं ते कळणार कसं? मला हे पटायचं, पण हातांना पटायचं नाही. आजारी झाड दिसलं आणि आपण त्याला तसंच उभं ठेवलं, असं आमच्या घराण्यात कोणी केलेलं नव्हतं. माझी आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला असली तरी जाता-येता बोकड्याचं झाड उपटून बांधाबाहेर फेकायची. कोणी सांगावं लागत नसे.

त्या हिरव्या झाडांसमोर मॅडमनी माझा फोटो काढला. मी म्हटलं, झालं ना मग काम? त्या म्हणाल्या, "अजून कुठे! यांची मुलं कशी निघतात ते बघायचंय." यांची मुलं का बघायची, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, शिकलेल्या माणसांचं काहीतरी असेल. त्यांनीही सांगितलं नाही. हाताने काय करायचं ते सगळं सांगायच्या, फार नीट सांगायच्या.

मग तो मोसम आला. हिरव्या झाडांच्या बियांची दोनशे रोपं लावली. उरलेली रोपं जाळीच्या घरामागे एका वाफ्यात ठेवून दिली. नवरात्राच्या सुमाराला मॅडमची आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. मॅडम दवाखान्यात राहायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "आठवडाभर तू आणि भैया बघा. आणि ऐक, नेमके याच दिवसांत तीन साहेब येणार आहेत पाहणीला. हा प्रोजेक्ट पुढे चालवायचा की नाही ते ठरवायला. भैया प्लॉट दाखवेल. घाबरू नकोस."

मी घाबरले. मी नेहमीच घाबरते. बस सुटेल, भात करपेल, यांची व्हॅन कुठेतरी ठोकेल. पण ही भीती निराळी निघाली, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटमध्ये गेले तर झाडांची शेंड्याची पानं मुरडलेली. इथे एक. तिथे दोन. पुढच्या ओळीत आणखी. माझ्या हातच्या झाडांची मुलं, आणि त्यांना बोकड्या.

मला एकच गोष्ट समजली: माझं क्रॉसिंग, म्हणजे ते लग्न लावणंच, चुकलं होतं. केसर काढताना एखादा राहून गेला असणार, कुठेतरी लाल मिरचीचाच पराग लागला असणार, पहिल्या वर्षी ते दडून राहिलं आणि आता बाहेर येत होतं. आठवी नापास बाईच्या हातात चिमटा दिला, म्हणून मॅडमची तीन वर्षं वाया जाणार. तीन साहेब येणार, बघणार, विचारणार, ये किसने किया? मॅडम त्यांना काय सांगतील?

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, "पाहुने येऊन रायले ना? मंग रान साफ कर. लगनघरात कोनी उष्टी पत्रावळ ठेवते का दारात?"

तेच केलं. रोज पहाटे, रामसेवक भैया मोटर लावायला विहिरीकडे गेला की मी मुरडलेली झाडं उपटायची. जाळीघरामागच्या वाफ्यातून चांगली दिसणारी रोपं मुळाशी मातीचा गोळा धरून उचलायची आणि त्या जागी लावायची. आमच्याकडे याला नांग्या भरणं म्हणतात. पेरणीत जागा रिकामी राहिली की तिथे दुसरं रोप लावतात. चांगलं काम समजतात ते. उपटलेली झाडं खड्ड्यात टाकून वर माती आणि शेण लोटायची. सहा दिवस हे केलं. हात सराईत होते. सहाव्या दिवशी मागे वळून पाहिलं तर प्लॉट कसा लग्नाच्या पंगतीसारखा सरळ, भरलेला, हिरवा. मला समाधान वाटलं. ते समाधान मला नीट आठवतं. त्यानंतर मला काही नीट वाटलेलं आठवत नाही.

साहेब आले. टोप्या, पाण्याच्या बाटल्या. एक म्हणाले, "वाह, बहुत साफ प्लॉट है." भैयाने छाती फुगवली. मी पाण्याचे ग्लास घेऊन उभी होते. जाताना साहेब सांगून गेले, मॅडम आल्या की आजारी झाडांची मोजणी करून रिपोर्ट पाठवा, पुढचं त्यावर ठरवू.

मॅडम दोन दिवसांनी आल्या. डोळ्यांखाली काळं, साडी दवाखान्यातलीच. आल्या-आल्या प्लॉटमध्ये शिरल्या आणि मोजायला लागल्या. मी उपटून झाल्यावरही काही झाडं मुरडली होती. त्यांनी एकदा मोजलं, दोनदा मोजलं. मग बांधावर मटकन बसल्या.

"बारा," म्हणाल्या. "दोनशेत बारा."

मला वाटलं, आता रागावतील. बाराही जास्तच की.

पण त्या हसत होत्या. "अगं, दोन आहेत! मी तीन वर्षं समजत होते एकच असेल. दोन आहेत!" भैयाला हाक मारून त्यांनी पोहे-जिलेबी आणायला पिटाळलं. मग माझ्याकडे वळल्या. "इकडे ये. तुला दाखवते. तुझ्याच हाताचं आहे, तुला कळायला पाहिजे."

खुणेच्या दोऱ्यांची पुडी त्यांनी सोडली. लाल दोरे, हिरवे दोरे. म्हणाल्या, प्रत्येक झाडाला दोन दोरे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. हिरवा म्हणजे रोग न होऊ देणारा. लाल म्हणजे काहीच न करणारा. आपली लाल मिरची लाल-लाल. जंगली हिरवी-हिरवी. त्यांच्या पहिल्या पिढीला एक लाल, एक हिरवा. एक हिरवा असला तरी पुरतो, म्हणून ती सगळी निरोगी. "आता या पिढीची मुलं. आईकडून लाल येईल नाहीतर हिरवा. बापाकडूनही तसंच." त्यांनी मातीवर चार जोड्या मांडल्या. हिरवा-हिरवा. हिरवा-लाल. लाल-हिरवा. लाल-लाल.

"आता सांग, आजारी कोण पडेल?"

मी शेवटच्या जोडीवर बोट ठेवलं.

"शाबास. चारांत एक. ते पडायलाच पाहिजे. ते पडलं तरच कळतं की आपलं क्रॉसिंग बरोबर झालंय. म्हणजे दोऱ्यांची ही एकच जोडी, राखण करणारा एकच असता तर दोनशेत साधारण पन्नास आजारी पडले असते. आपल्याकडे बाराच. अशा दोन वेगळ्या जोड्या, दोन निरनिराळे राखणदार असतील तरच एवढे कमी पडतात. चारांतल्या एकाचा पुन्हा चारांत एक, म्हणजे सोळांत एक. कळलं?"

कळलं. आयुष्यात कोणी काही शिकवलेलं इतकं पटकन आणि इतकं पूर्ण मला कधी कळलं नव्हतं. माझ्या हाताची चूक झालीच नव्हती. ती आजारी झाडं यायचीच होती. मॅडम ज्यांची वाट बघत होत्या तीच मी खड्ड्यात टाकली होती, आणि उरलेल्या बारांवरून त्यांना एक नवीनच गोष्ट सापडली होती, जी खरी नव्हती. भैयाने जिलेबी आणली. मॅडमनी पहिली मला दिली. मी खाल्ली. गोड लागली की नाही, ते सांगता येणार नाही.

तीन दिवस गेले. मी कामावर गेले, फुलं सोलली, घरी आले, भाजी चिरली. यांना म्हटलं, असं असं झालं. हे म्हणाले, "मंग चूप बस ना. त्याहिले खुशी झाली, तुले बी खुशी. कोनाले मालूम पडनार हाय?"

"मले मालूम हाय ना."

"तू काय साहेब हाय का?"

यांचं खोटं नव्हतं. गप्प राहिले असते तर सगळ्यांचं भलं होतं. रिपोर्ट गेला असता, प्रोजेक्ट वाढला असता, मॅडम राहिल्या असत्या, माझं काम राहिलं असतं. फक्त ते दोन राखणदार कुठेच नव्हते. पुढे कोणीतरी, मला न माहीत असलेलं कोणी, त्या दोघांना शोधत वर्षं घालवणार होतं. आणि मॅडम त्या कागदाखाली सही करणार होत्या. ते मला जमेना. हिंमत होती म्हणून नाही. पोटात दगड ठेवून चालता येत नव्हतं म्हणून.

चौथ्या दिवशी मॅडम टेबलाशी रिपोर्ट लिहीत होत्या. मी चहा ठेवला आणि उभ्या-उभ्या सगळं सांगून टाकलं. पाहुणे, बोकड्या, नांग्या, खड्डा.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "किती उपटलीस?"

"मोजले नाही."

"अंदाजे?"

"नाही सांगता येत मॅडम. रोज थोडे-थोडे."

आम्ही जाऊन खड्डा उकरला. आठवडाभराच्या ओल्या शेणात सगळं काळं होऊन एकमेकांत मिसळलं होतं. मॅडमनी हातात एक दांडी घेतली, ती तुटली. लावलेल्या रोपांपैकी कुठलं जुनं, कुठलं नवं, तेही आता सांगता येत नव्हतं. मी इतकं नीट काम केलं होतं.

"काऊन केलंस गं असं?" त्या म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या, आणि तो शब्द मला माझाच वाटला नाही.

"मला वाटलं माझंच चुकलं."

त्या खड्ड्याच्या काठावर बसल्या. मातीचे हात तसेच गुडघ्यांवर. "तीन वर्षं," म्हणाल्या, "तीन वर्षं मी तुला चिमटा कसा धरायचा ते सांगत बसले. हे दोऱ्यांचं सांगायला दहा मिनिटं लागली ना?"

मी खड्ड्यावर परत माती लोटायला लागले.

"लाल-लाल कोण, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तू एकाला हात लावला नसतास."

रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं की त्यांच्या गैरहजेरीत प्लॉटमध्ये गोंधळ झाला, मोजणी धरू नये, जबाबदारी त्यांची. माझं नाव कुठेच नाही. हे मला भैयाकडून कळलं. "तेरा नाम नहीं डाला उन्होंने, बाई," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच चेष्टा न करता निघून गेला. प्रोजेक्ट वाढला नाही. मॅडमची नेमणूक त्याच्याबरोबर संपली. आईला घेऊन त्या पुण्याला भावाकडे गेल्या. आता एका कॉलेजात शिकवतात. मला मात्र ठेवलं. हात चांगला आहे म्हणे.

आभार मानायचे तर कोणत्या तोंडाने मानायचे, हे मला दोन वर्षं समजलेलं नाही. रडून बघावं म्हटलं, तेही आलं नाही. बोटं भाजत नाहीत म्हणून बरी आहेत असं नाही, हे मला माहीत आहे. एवढंच.

यंदा नवीन सर आले. तरुण आहेत, घाईत असतात. त्यांना कपाटात मॅडमच्या हातचं लेबल असलेली बियांची पुडी सापडली. त्याच हिरव्या झाडांचं उरलेलं बी. म्हणाले, लगा के देख लेते हैं. दोनशे रोपं पुन्हा लागली. या वेळी मी रोज सकाळी जाऊन नुसती उभी राहायचे. पानं मुरडायला लागली तशी प्रत्येक आजारी झाडाशी एक-एक काडी रोवली. हात पाठीमागे बांधून चालायचे. एकदा एका झाडाकडे हात गेला तेव्हा भैया बांधावरून ओरडला, "बाई, हाथ!" मी हात मागे घेतला.

काल सरांनी मोजायला सांगितलं. मी मोजलं. मग जाळीघरामागे जाऊन मॅडमना फोन लावला. मागे कॉलेजची घंटा वाजत होती.

"मॅडम, एक्कावन्न."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दोनशेत?"

"दोनशेत."

"म्हणजे एकच होता."

"हो. एकच. चारांत एक."

मग त्या म्हणाल्या, "तू काही उपटलं नाहीस ना?" आणि हसल्या. मीही हसले असते, पण तोंडातून नुसता श्वास बाहेर आला.

"फोटो पाठव मला," म्हणाल्या. "चांगल्यांचे नकोत. आजारी झाडांचे. सगळ्यांचे."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. डाव्या हाताने शेंडा वाकवायचा, मुरडलेली पानं उजेडात धरायची, उजव्या हाताने फोटो काढायचा, पाठवायचा. पुढची काडी. ऊन डोक्यावर आलं. सर एकदा येऊन बघून गेले. शेवटच्या काडीपर्यंत पोहोचले तेव्हा मोबाइल तापला होता. पदराने घाम पुसला आणि सावलीत येऊन बसले.

दहा मिनिटांनी मॅडमचा मेसेज आला.

"पन्नासच आलेत. एक कुठे आहे?"

मी चपला घातल्या आणि पुन्हा प्लॉटमध्ये उतरले.